सिंगापूर ते बँकॉक, मधे एकही विमान न पकडता

मे महिन्यात आम्ही पाच जण सिंगापूर, मलेशिया, थायलंड करून आलो. मी, नवरा, अकरा वर्षांची बाय, सात वर्षांचा बाबू आणि सासूबाई, म्हणजे पोरांची आजी. घर गोव्यात, म्हापशाला. आल्यापासून शाळेच्या ग्रुपवरचे पालक सारखं विचारतायत की पोरांना घेऊन तीन देश एकदम कसे काय जमवले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी युरोपचं चाललं होतं. पणजीतल्या एका टूरवाल्याने जो कागद पुढे ठेवला त्यात रोज सकाळी साडेसहाला बॅगा लॉबीत, मग बस, मग फोटो, मग बस. बाबूला सकाळी साडेसहाला उठवून बघा म्हटलं कुणीतरी, आणि विषय तिथेच संपला. मग नवऱ्याने पोरांचा शाळेचा ॲटलास काढला. खाली सिंगापूर, वर बँकॉक, मधे मलेशिया उभा, सगळं एका रेघेत. बसने वर सरकायचं, मग ट्रेन, मग फेरी, मग परत ट्रेन. जायचं विमान सिंगापूरला आणि परतीचं बँकॉकहून, म्हणजे मागे वळून यायची भानगडच नाही. पोरं बरोबर असली की विमानतळावरचे तीन-चार तास फुकट जातात, खर्च होतो तो वेगळाच, आणि ट्रेनमध्ये निदान फिरता तरी येतं. आमचं सगळं प्लॅनिंग म्हणजे एवढंच. बाकी एक नियम आजीने केला: दिवसाला एकच मोठी गोष्ट, आणि दुपारी दोन ते चार खोलीवर. म्हापशाला ती वेळ सगळा बाजार पाळतो, मग परदेशात का नाही, असं तिचं म्हणणं.

कागदपत्रांचं थोडक्यात. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटकडून करून घेतला. मलेशिया आणि थायलंड आम्ही गेलो तेव्हा व्हिसाशिवाय होतं, पण हे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी परत बघा. तिन्ही देशांचं ऑनलाइन अरायव्हल कार्ड मात्र भरावं लागतं, ते फुकट असतं (पैसे मागणाऱ्या साइट खोट्या), पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं आणि बाळ असलं तरी प्रत्येकाचं वेगळं. म्हणजे मलेशियाचं आणि थायलंडचं वाटेत हॉटेलच्या वायफायवर बसूनच भरायचं. सगळ्यांच्या पासपोर्टचे फोटो, नंबर, हॉटेलचे पत्ते एका ठिकाणी ठेवा नाहीतर रात्री दहाला बॅगा उपसत बसाल. आणि लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. आपला दहा वर्षांचा असल्यामुळे तो आठवतच नाही. सहा महिने व्हॅलिडिटी शिल्लक लागते, हे सगळ्यात आधी तपासा.

शुक्रवार, सिंगापूर

गोव्याच्या मोपा विमानतळावरून बेंगळूरु, तिथून रात्रीचं विमान, सकाळी सिंगापूरचं चांगी विमानतळ. इमिग्रेशनला बाबू पासपोर्ट उघडून तयार उभा, शिक्का हवा म्हणून, आणि सिंगापूर आता शिक्का मारतच नाही! ईमेलवर पास येतो. त्याचा जो चेहरा पडला तो ज्वेलमधला धबधबा बघेपर्यंत तसाच. ज्वेल म्हणजे विमानतळाला लागूनच असलेला मॉल, त्यात छतातून चाळीस मीटर पाणी खाली कोसळतं आणि आजूबाजूला जंगल. आजी म्हणाली दूधसागर बरा, पण फोटो तिनेच सगळ्यात जास्त काढून घेतले.

हॉटेल लिटल इंडियात घेतलं होतं आणि ते फार बरं झालं. खाली उतरलं की इडली, डोसा, वरणभात, आणि मुख्य म्हणजे टेक्का सेंटर. एका बाजूला खायचे स्टॉल, दुसऱ्या बाजूला मासळी बाजार. आजी सरळ मासळीकडे. विकणारी चिनी बाई साधारण आजीच्याच वयाची, रबरी बूट घालून. आजीने पापलेटाचा कल्ला उघडून लाल आहे का बघितलं, ती बाई हसली आणि बाजूची टोपली पुढे ओढून त्यातला एक उचलून दाखवला, म्हणजे हा जास्त ताजा. मग इसवण, म्हणजे सुरमई, मग सुंगटं, म्हणजे कोळंबी. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि दहा मिनिटं गप्पा. घ्यायचं काहीच नव्हतं हो, खोलीवर चूल कुठे? निघताना आजीने किमतीचे रुपये करून घेतले माझ्याकडून आणि म्हापशाचा बाजार स्वस्त आहे असं त्या बाईला मराठीत सांगून आली.

संध्याकाळी गार्डन्स बाय द बे. ते मोठे लोखंडी झाडांसारखे सुपरट्री आहेत ना, त्यांच्याखाली पावणेआठला आणि पावणेनऊला लाइट आणि गाण्यांचा शो असतो, फुकट. तिकडे जमिनीवर आडवं पडून बघायचं, म्हणून एक जुनी चादर न्या. तिथेच मुलांसाठी पाण्यात खेळायची जागा आहे, तीही फुकट, तेव्हा पोरांचे पोहायचे कपडे पिशवीत असू द्या.

शनिवार, सिंगापूर

सकाळी मांडाईचं प्राणिसंग्रहालय. ओरांगउटान तिथे पिंजऱ्यात नाहीत, डोक्यावरच्या फांद्यांवरून फिरतात, आणि एक मादी पिल्लाला घेऊन आमच्या अगदी वर येऊन बसली तेव्हा बाबू पहिल्यांदाच पाच मिनिटं गप्प बसलेला मी बघितला. अकरालाच ऊन असं की गोव्याच्या मे महिन्याची सवय असलेले आम्हीपण घामाने निथळत होतो, आणि दुपारी एकच्या सुमारास गडगडाट होऊन धो धो पाऊस. अर्ध्या तासाने परत ऊन. तिकडे हे जवळपास रोजचंच, त्यामुळे बाहेरचं सगळं सकाळी उरका.

पण खरं सांगायचं तर पोरांना सगळ्यात जास्त आवडली ती मेट्रो. काही लाइनींवर ड्रायव्हरच नसतो, सगळ्यात पुढच्या डब्यात काचेला नाक लावून उभं राहिलं की बोगदा अंगावर येतो. आम्ही संध्याकाळी कुठेही जायचं नसताना सर्कल लाइनवर नुसते फिरत बसलो. गाडीत खायला-प्यायला मात्र सक्त मनाई, पाचशे सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर काढायची नाही. आणि एक, सिंगापुरात १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट लागते. टॅक्सीला त्यातून सूट आहे पण ॲपवरून बोलवलेल्या खाजगी गाडीला नाही, त्यामुळे बाबूला बघून एका ड्रायव्हरने नेलंच नाही. त्याचं बरोबरच होतं. मुलं असतील तर सरळ टॅक्सी करा.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांनी बोटॅनिक गार्डनमधली जेकब बालास चिल्ड्रन्स गार्डन चुकवू नका. तिथे मूल बरोबर असेल तरच मोठ्यांना आत सोडतात, बायला ही गोष्ट इतकी आवडली की ती दिवसभर आम्हाला 'माझ्यामुळे आत आलात' म्हणून ऐकवत होती.

रविवार, बसने मलाक्का

इथे गडबड झाली. सिंगापूरहून मलाक्काला बसने साधारण चार तास, पण बॉर्डरवर दोनदा उतरायचं असतं, एकदा सिंगापूरच्या बाजूला, मग पूल ओलांडून मलेशियाच्या बाजूला, आणि मलेशियात सगळं सामान घेऊन उतरायचं. शनिवार-रविवार निम्मं सिंगापूर मलेशियात खरेदीला जातं की काय कोण जाणे, रांग संपता संपेना. बाबूला मधेच शूला लागली, आजीला कुणीतरी खुर्ची दिली, आणि आम्ही बाहेर येतो तर बस गेलेली. बसवाले ठरावीक वेळच थांबतात, मग निघतात. घाबरायचं कारण नाही, त्याच कंपनीच्या मागच्या बसमध्ये जागा असली तर तेच तिकीट चालतं, फक्त ते कुणी आधी सांगत नाही. आमच्या मागच्या बसमध्ये तीनच जागा. तिकडचा एक मलय पोरगा, कॉलेजमधला वाटत होता, उठला, त्याच्या मित्रालाही उठवलं, आणि दोघं त्याच्याही मागच्या बसची वाट बघत थांबले. आजीने पिशवीतून काजूगराचं पाकीट काढून त्याच्या हातात कोंबलं. तो नको नको म्हणतोय आणि ही ऐकतेय कुठे.

तर शक्य असेल तर ही बॉर्डर मधल्या वारी करा, बसचा नंबर आणि तिकीट फोनमध्ये नाही तर हातात ठेवा, आणि बसमध्ये वर काहीही सोडून उतरू नका. बाबूला मात्र इथे शिक्का मिळाला आणि त्याच्या दृष्टीने ट्रिप आता सुरू झाली.

मलाक्काला पोचलो तर संध्याकाळ. जोंकर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार शुक्रवार ते रविवारच असतो, म्हणून एवढं होऊनही गेलोच. पोरांनी पिकाचू लावलेली, दिव्यांची, ढणढणाट गाणी वाजवणारी सायकल रिक्षा पकडली. आणि बाजाराच्या एका कोपऱ्यात आजी थबकली. दोदोल, आपल्या गोव्यातली नाताळची मिठाई! काळा, चकचकीत, कापून ठेवलेला. चाखून बघितला तर नारळाचं दूध, माडाचा गूळ, सगळं तेच, फक्त आपल्याकडे तांदळाचं पीठ आणि यांच्याकडे चिकट तांदळाचं, म्हणून थोडा जास्त ओढला जातो. विकणाऱ्याने गुळाच्या नळकांड्यासारख्या वड्या दाखवल्या, गुला मलाका. माडाच्या रसाचाच, आपल्याकडे नाताळाच्या आधी शोधत फिरावा लागतो तसाच काळपट. त्यावरचं चेंडोल, म्हणजे बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि हा गूळ, पोरांनी दोन-दोन वाट्या संपवला.

सोमवार, मलाक्का

सोमवारी आजीचं शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. मलाक्कात भारतीय वस्ती आहे, केळीच्या पानावरचं जेवण मिळालं, भात, सांबार, दोन भाज्या, पापड, त्यामुळे प्रश्न आला नाही.

सकाळी सेंट पॉलच्या टेकडीवर गेलो. लहान टेकडी, पंधरा मिनिटांत चढून होते, वर छप्पर नसलेलं जुनं चर्च, १५२१ सालचं मूळ बांधकाम. आपल्याला गोव्यात १५१० म्हणजे पोर्तुगिजांनी गोवा घेतलं ते साल, हे पाचवीपासून पाठ असतं, घेणारा अफोन्सो द आल्बुकेर्क, आणि दुसऱ्याच वर्षी, १५११ ला, त्यानेच मलाक्का घेतलं. हे मी कधीतरी वाचलेलं असणार पण तिथे उभं राहिल्यावर एकदम अंगावर आलं. चर्चच्या आत जमिनीत एक उघडी कबर आहे, वर लोखंडी जाळी. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला, त्याचं शव १५५३ ला इथे आणलं, इथेच पुरलं होतं, आणि मग १५५४ ला गोव्याला आलं. २०२४ च्या नोव्हेंबरात शवप्रदर्शन सुरू झालं तेव्हा जुन्या गोव्याला आम्ही सगळे रांगेत उभे होतो. बायला ते आठवत होतं. ती जाळीतून खाली बघत म्हणाली, म्हणजे तो आधी इथे होता आणि मग आपल्याकडे आला? आजीने चप्पल काढून हात जोडले. झेवियर म्हणजे गोंयचो सायब, गोव्याचा साहेब, म्हटल्यावर आमच्याकडे हिंदू-ख्रिस्ती कोण बघतंय.

बाहेर त्याचा पांढरा पुतळा आहे, उजवा हात मनगटापासून नाही. पुतळा १९५२ चा, बसवल्यावर लगेच झाड पडून हात मोडला असं तिथे सांगतात. शवाचाही उजवा हात १६१४ ला कापून रोमला नेलेला. हे ऐकल्यावर बाबूने इतके प्रश्न विचारले की नवरा पाणी आणायच्या निमित्ताने खाली निघून गेला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर उजोंग पासिरला पोर्तुगीज वसाहतीत गेलो. समुद्राला लागून बैठी घरं, दारात वेदी, जाळी सुकत टाकलेली, एका व्हरांड्यात म्हातारे पत्ते खेळत होते. एकदम आमच्या बार्देश तालुक्यातला कुठलाही मासेमारीचा वाडा. एका आजोबांनी कुठून आलात विचारलं, गोवा म्हटल्यावर बाकावर जागा करून दिली. त्यांचे मुलगे सिंगापूरला, ते स्वतः आयुष्यभर कोळंबीवर गेलेले. जून महिन्यात परत या म्हणाले, तेव्हा सान पेद्रोचं फेस्त असतं, होड्या रंगवून सजवतात आणि पाद्री येऊन आशीर्वाद देतो. मी म्हटलं आमच्याकडे २९ जूनला सांगोड असतो, होड्या एकमेकींना बांधून त्यावर नाटक, गाणी. त्यांनी गुडघ्यावर हात मारला आणि आतून बायकोला हाक मारून बोलावलं, हे तिलाही ऐकव म्हणून. त्यांच्याकडे सान जुआंव, म्हणजे संत जॉनचं फेस्त आहे, इंत्रुद, म्हणजे कार्निव्हलही आहे, पाणी उडवायचं. बाय मग आमच्याकडे सान जुआंवला विहिरीत कशा उड्या मारतात ते हातवारे करून सांगत बसली. त्या बाईंनी बरणीतला लाल तिखट सांबल चाखायला दिला, बेलाचान घातलेला, म्हणजे सुक्या जवळ्याचा आंबवलेला गोळा, आणि वासावरूनच कळलं की हे आपल्या बालचांवच्या, म्हणजे कोळंबीच्या तिखट-आंबट लोणच्याच्या, घरातलं आहे. आजीने सोमवार म्हणून नुसता वास घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं नसतं तर ती तिथे परत गेली असती याची मला खात्री आहे.

तिथे जेवायला जाणार असाल तर कुठली हॉटेलं कुठल्या वारी बंद ते आधी विचारा, आणि डेव्हिल करी घ्या, व्हिनेगर आणि मोहरीवर केलेली, मुलांना झेपणार नाही.

मंगळवार आणि बुधवार, क्वालालंपूर

दोन तासांची बस. ट्विन टॉवर बघितले, ४५२ मीटर, मान दुखली, झालं. त्याच्या मागच्या बागेत मुलांसाठी उथळ पाण्याचा मोठा तलाव आहे, पोरं तिथेच रमली आणि आम्ही झाडाखाली बसलो. बुधवारी सकाळी सातला बाटू केव्हज, गुहेतलं देऊळ. २७२ रंगीत पायऱ्या, शेजारी मुरुगनची सोनेरी मूर्ती, आणि माकडं. आजीने पायऱ्या बघितल्या आणि खाली नारळपाणी घेऊन बसली. माकडं हातातली प्लास्टिकची पिशवी ओढतात, खाऊ आत ठेवा. उशिरा गेलात तर पायऱ्या तापतात.

क्वालालंपूरवर मी जास्त लिहीत नाही, मोठं शहर ते मोठं शहर. दुपारच्या ट्रेनने बटरवर्थ, साधारण चार तास. ही ट्रेन आधी बुक करा, सुट्टीत भरते. डबा एवढा गार की आजीने शाल, तिच्यावर टॉवेल. स्वेटर वरच ठेवा.

गुरुवार, शुक्रवार, पेनांग

बटरवर्थ स्टेशनच्या बाजूलाच फेरी, पंधरा मिनिटांत पेनांग बेटावरचं जॉर्जटाऊन. दिवाडीची फेरीबोट फुकट आणि हिला पैसे का, हा बाबूचा प्रश्न.

पेनांगला आम्ही खायला गेलो होतो असंच म्हणा. एर इतामच्या बाजारात आसाम लक्सा खाल्लं, चिंचेचा आंबट, तिखट, पातळ रस्सा, त्यात जाड शेवया आणि कुस्करलेला मासा. आजी दोन घास खाऊन म्हणाली बांगडा. विचारलं तर खरंच बांगडाच घालतात. वरून पुदिना आणि अननस असतं ते तिला पटलं नाही, तिरफळं हवी होती म्हणाली, पण वाटी पुसून संपवली. पोरांना ते आंबट चाललं नाही, त्यांनी 'चार क्वे त्याव', म्हणजे मोठ्या आचेवर परतलेल्या रुंद शेवया, त्यावर दोन दिवस काढले. सांगून ठेवते, त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, चालत नसेल तर मुसलमान स्टॉलवरून घ्या, आणि तिखट नको हे आधीच सांगा.

पेनांग हिलची दोरीवर ओढली जाणारी रेल्वे १९२३ पासून आहे. डोंगराचं सगळ्यात उंच टोक ८३३ मीटर. वर गार वारा आणि आम्ही पोचताच ढग खाली आले, दहा फुटांवरचं दिसेना. सगळे हळहळत होते, पोरं ढगात पळापळी करत होती. शुक्रवारी तेलुक बाहांगच्या एस्केप पार्कला नवरा आणि पोरं गेली, तिथे १,१११ मीटर लांबीची पाण्याची नळीतली घसरगुंडी आहे. जंगलाच्या वरून सुरू होते. मी आणि आजी आर्मेनियन स्ट्रीटवर भिंतीवरची चित्रं बघत फिरलो, सायकलवरच्या दोन पोरांचं २०१२ चं चित्र आहे ना, त्याच्यापुढे फोटोला एवढी रांग की आजी रांगेतल्या एका चिनी मुलीला केस बांधून देऊन आली.

मलेशियात खोलीमागे रोज दहा रिंगिट पर्यटन कर परदेशी लोकांना वेगळा द्यावा लागतो, बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो. सार्वजनिक संडासाला सुटी नाणी लागतात, मुलांबरोबर हे अगदी महत्त्वाचं. प्लग सिंगापूर आणि मलेशियात सारखाच, चौकोनी तीन पिनांचा, थायलंडमध्ये वेगळा.

शनिवार, रेल्वेने थायलंड

हा माझा सगळ्यात आवडता दिवस. परत फेरीने बटरवर्थ, तिथून लोकल ट्रेनने सीमेवरचं पादांग बेसार, दोन तासांच्या आत-बाहेर, बाहेर भातशेती आणि चुनखडीचे डोंगर. पादांग बेसारला एकाच स्टेशनात मलेशियाची खिडकी आणि थायलंडची खिडकी. एका खिडकीत मलेशियातून बाहेर पडलो आणि पुढच्या खिडकीत थायलंडमध्ये, सिंगापूरच्या बॉर्डरपुढे हे म्हणजे काहीच नाही. थायलंड एक तास मागे, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे आम्ही यायच्या आधीच पोचलो. बायने हे तीनदा हिशोब करून बघितलं. बाबूला आणखी दोन शिक्के.

पुढची, थायलंडमधल्या हाट याई शहराची गाडी दिवसातून मोजक्याच वेळा असते, वेळ बघून निघा, थोडे थाई बाथ आधीच खिशात असू द्या. गाडीत पंखे, उघड्या खिडक्या, आणि समोर बसलेल्या थाई मावशीने पोरांना शिजवलेल्या भुईमुगाच्या शेंगा दिल्या. एक तासात हाट याई.

लोक विचारतात दक्षिण थायलंड सेफ आहे का. याला, पट्टानी, नराथिवात या प्रांतांबद्दल सावधगिरीच्या सूचना असतात, तिकडे आम्ही गेलो नाही. हाट याईला मलेशियातली कुटुंबंच्या कुटुंबं शनिवार-रविवार खरेदीला येतात. पण निघताना तेव्हाची परिस्थिती बघा आणि ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये त्या भागाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. संध्याकाळी तळलेली कोंबडी, वर कुरकुरीत कांदा आणि चिकट भात, हाट याईची खासियत. बाबूने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांदा वाढून मागितलं.

रविवार, सोंगखला

तीसेक किलोमीटरवर समुद्र. सामिला बीचवर खडकावर बसलेली सोनेरी जलपरी, १९६६ मधली, आणि जवळच मांजर आणि उंदीर यांचे पुतळे. समोर समुद्रात दोन बेटं आहेत, एक मांजर बेट, एक उंदीर बेट. गोष्ट अशी की मांजर, उंदीर आणि कुत्रा एका चिनी व्यापाऱ्याचं रत्न चोरून जहाजावरून पळाले, मांजर आणि उंदीर बुडाले त्यांची बेटं झाली, कुत्रा किनाऱ्याला लागला त्याची टेकडी झाली. ही गोष्ट आमच्या व्हॅनवाल्याने फोनवरच्या भाषांतरातून सांगितली आणि दर वाक्यानंतर पोरं फोनकडे पळायची. समुद्रात उतरायला पोरं तयार नव्हती, घरी आहे की म्हणाली! बरोबरच आहे, कलंगुट-कांदोळीच्या पोरांना बीच दाखवायला विमानाने कशाला न्यायचं, मी तरी सगळ्यांना हेच सांगेन की गोव्यातून जाताना बीचचे दिवस काढून टाका आणि ते ट्रेनला द्या.

संध्याकाळी हाट याईहून बँकॉकची रात्रीची स्लीपर, सोळा-सतरा तास. एक माणूस येतो, सीटची गादी करतो, पांढरी चादर, उशी, पडदा. खालची बर्थ रुंद असते, आई आणि लहान मूल एकत्र मावतं. ही तिकिटं लवकर संपतात, तारखा ठरल्या की सगळ्यात आधी हेच काढा. पोरं पडद्याआड बॅटरी घेऊन अकरापर्यंत जागी होती.

सोमवार, मंगळवार, बँकॉक

परत सोमवार, परत शिवराक, आणि थायलंडमध्ये मला त्याचीच धास्ती होती, कारण नुसत्या भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो. पण तिकडे पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं असतात, तिथे मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणसुद्धा नाही. हॉटेलच्या मुलीने अक्षर कागदावर काढून दिलं आणि बाबूला ते शोधायचं काम लागलं. गल्लीच्या टोकाला सापडलं. आजीने तीन वाट्या भाज्या निवडल्या आणि आपल्या देवळातल्या प्रसादालाही एवढं सोवळं नसतं म्हणाली.

मग वाट फो, ४६ मीटर लांब पहुडलेला बुद्ध. त्याच्या पाठीमागे भिंतीला लागून १०८ भांडी, सुटी नाणी विकत घेऊन प्रत्येकात एक-एक टाकत जायचं, टण टण टण. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, बायची हाफ पॅन्ट म्हणून आजीची शाल गुंडाळली. तिथून नदीच्या बोटीने परत, ऐन ट्रॅफिकच्या वेळी रस्त्यापेक्षा बोट कधीही बरी.

मंगळवारी काही केलं नाही. विमान रात्रीचं, हॉटेलवाल्यांनी बॅगा ठेवून घेतल्या आणि पूलवर बसू दिलं. शेवटच्या दिवशी काहीही ठरवू नका, पोरं दमलेली असतात, मोठी जास्त. विमानतळावर वजनाच्या काट्यावर आमची एक बॅग चार किलो जास्त भरली. उघडली तर मलाक्काचा गूळ, आठ नळकांडी, आजीने कुणाला न सांगता घेतलेला. तो सगळ्यांच्या हँडबॅगेत वाटून घातला, स्कॅनरवाल्याने दोनदा बाहेर काढून वास घेऊन बघितला आणि सोडून दिलं. नाताळाला दोदोल त्याचाच करणार आहे म्हणते.